चित्र कोणाचे, चेहरा कोणाचा?

(रत्नागिरी येथे जिल्ह्यातील स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे तो ‘आपल्या प्रचारसाहित्यासाठी चित्रे: परवडणारी आणि कायद्यात बसणारी’. रेशन, जमीन, हिंसाचार असे विषय सोडून हे काय काढले, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. पण आपण दर ८ मार्चला पत्रक काढतो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंचे पोस्टर लावतो, कायद्याच्या पुस्तिका छापतो. मजकुरावर तीन-तीन बैठका होतात, एका शब्दावरून आपण तास तास भांडतो. चित्राचे मात्र छापखान्यात उभ्या उभ्या ठरते. ‘एखादं चांगलंसं चित्र टाक रे’ असे आपण डीटीपी करणाऱ्या मुलाला सांगतो, तो इंटरनेटवर पहिले दिसेल ते उतरवून घेतो, आणि फारच सज्जन असला तर खाली ‘गूगलवरून साभार’ असे छापतो.

तो कुठले चित्र आणतो ते आधी पाहू. कौटुंबिक हिंसाचाराच्या पुस्तिकेसाठी तो हमखास एकच चित्र आणतो. बाई कोपऱ्यात बसलेली, डोळ्याखाली काळेनिळे, एक तळहात पुढे केलेला, मागे भिंतीवर पुरुषाची सावली. बाई बहुतेक वेळा गोरी, परदेशातली. अशी चित्रे फुकट मिळतात, ढिगाने मिळतात. लांजा तालुक्यातल्या एका वाडीत असेच मुखपृष्ठ असलेली पुस्तिका मी वाटत होते. बैठक संपल्यावर एक बाई पुस्तिका परत द्यायला आली. म्हणाली, “ताई, माझा नवरा हात नाय लावत. चार महिने घरात पैसा देत नाय आणि माहेरी जायला देत नाय, एवढाच. हा माझ्यासाठी नसेल.” २००५ च्या कायद्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही स्पष्ट लिहिलेला आहे. आत पान सातवर आम्ही तो छापलाही होता. पण तिने पान सात उघडलेच नव्हते. मुखपृष्ठाने तिला आधीच सांगितले होते की ज्या बाईचा डोळा सुजला आहे तिच्यासाठी हा कायदा आहे.

म्हणून चित्राचा प्रश्न मला सजावटीचा वाटत नाही. फुकटच्या चित्रांच्या दुकानात आपली बाई नाही. काजू फोडून हात काळे झालेली बाई नाही, पाटी डोक्यावर घेऊन एसटीची वाट बघणारी नाही, तलाठ्यासमोर सातबारा मागणारी तर नाहीच. जी आहे ती एक तर मार खाते आहे, नाही तर हसत हसत लॅपटॉपसमोर बसली आहे.

आता कायदा. प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, आपला कायदा १९५७ चा आहे. त्यात वेळोवेळी बदल झाले, शेवटचा मोठा बदल २०१२ साली झाला. मुख्य गोष्ट एवढीच की चित्र काढले, फोटो टिपला, की त्या क्षणी हक्क जन्माला येतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात ते वर्तुळातले चिन्ह लागत नाही. चिन्ह नाही म्हणजे मोकळे आहे, हा समज सोडून द्या. ‘साभार’ म्हटल्याने परवानगी मिळत नाही. आभार मानणे ही सभ्यता झाली. आणि गूगल हा त्या चित्राचा धनी नसतोच, तो फक्त दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. कायद्यात हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण आपण समाजकार्य करतो म्हणून कायदा आपल्याला सोडत नाही. आणि का सोडावा? ज्यांची चित्रे आपण उचलतो त्यांतही बाया आहेत. झुबान या दिल्लीच्या स्त्रीवादी प्रकाशनाने २००६ च्या सुमारास देशभरातल्या स्त्री-चळवळीची पोस्टर्स गोळा केली, सुमारे दीड हजार. चळवळीचा तो मोठाच ठेवा आहे. त्यातल्या कित्येकांवर चित्र काढणारीचे नाव नाही. सामूहिक काम म्हणून नाव न घालणे ही त्या काळाची भूमिका होती, ती मी समजू शकते. पण बिनमोल श्रमाविरुद्ध घोषणा लिहायची आणि घोषणेशेजारचे चित्र बिनमोल करून घ्यायचे, यावर आपण कधी बोललो नाही.

हक्क किती काळ टिकतो? चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, त्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजून. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रे कधीच मोकळी झाली. (कायद्याने मोकळी, पण वीज मंडळाच्या मोर्चाच्या पत्रकावर त्यांची दमयंती काय करणार, ते मला ठाऊक नाही.) धुरंधर १९४४ साली गेले, म्हणजे २००४ अखेर त्यांचीही सुटली. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी जातीजातींच्या, प्रांताप्रांतांच्या बायका रंगवल्या आहेत. वापरायला हरकत नाही, पण ती साहेबाच्या नजरेने लावलेली बायकांची वर्गवारी आहे, हे खाली एका ओळीत लिहा.

फोटोंचे थोडे वेगळे आहे. पूर्वी फोटोचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे असे. २०१२ च्या दुरुस्तीने फोटोही चित्राच्या बरोबरीला आणला, छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. सोपा हिशेब असा: १९५२ च्या आधी आपल्याकडे प्रसिद्ध झालेला फोटो मोकळा आहे, नंतरचा असेल तर चौकशी करा. आनंदीबाई जोशींचा तो सुप्रसिद्ध फोटो, १८८५ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेला, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो खुशाल छापा. मुलींच्या शाळेत लावायला याहून चांगले चित्र मला तरी माहीत नाही.

सावित्रीबाईंच्या बाबतीत मात्र गफलत होते. त्या १८९७ साली गेल्या म्हणून त्यांचे कुठलेही चित्र मोकळे, असे आपण धरतो. हक्क चित्र काढणाऱ्याचा असतो, चित्रातल्या व्यक्तीचा नव्हे. दिनदर्शिकेवरचे रंगीत चित्र आजच्या चित्रकाराने काढलेले असेल तर हक्क त्याचा किंवा त्याने ज्यांना लिहून दिला त्यांचा. १० मार्च १९९८ ला टपाल खात्याने काढलेले तिकीट हे सरकारी काम, त्यावर २०५८ अखेरपर्यंत सरकारचा हक्क. मग करायचे काय? एक वाट कायद्यानेच ठेवली आहे. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा असेल तर त्याचा फोटो काढायला, त्यावरून रेखाचित्र करायला आणि ते छापायला परवानगी लागत नाही. चौकातल्या सावित्रीबाईंचा फोटो आपण आपल्या फोनवर काढावा. ही सवलत पुतळ्याला आहे, भिंतीवर रंगवलेल्या चित्राला नाही, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी सवलत आपल्या फार उपयोगाची आहे. एखाद्या कामावर टीका किंवा समीक्षा करण्यासाठी ते, जरुरीपुरते, दाखवता येते. बाईला मिठाईसारखी मांडणारी जाहिरात असेल आणि १९८६ च्या स्त्रियांच्या असभ्य चित्रणविरोधी कायद्याचा आधार घेऊन आपण तिच्याविरुद्ध लिहीत असू, तर ती जाहिरात लेखासोबत छापता येते. पण तिच्यावर लिहायला हवे. नुसती शोभेला नाही.

वृत्तपत्रातला आपल्या मोर्चाचा फोटो आपलाच, असेही आपण समजतो. तो पगारी छायाचित्रकाराने काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास वृत्तपत्रात-नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकी सगळा हक्क त्या छायाचित्रकाराचा राहतो. म्हणजे पोस्टरसाठी संपादकांना पत्र लिहून भागत नाही, त्या माणसाला किंवा मुलीला फोन करावा लागतो. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. जुन्या आंदोलनांचे फोटो हवे असतील तर मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’ हा स्त्रियांविषयीच्या ध्वनी-चित्रांचा संग्रह आहे. तिथेही विचारूनच घ्यायचे.

इंटरनेटवरचे सगळेच बंद नाही. २००१ साली अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स नावाची संस्था निघाली. चित्र काढणाराच आधी सांगून ठेवतो की या अटींवर घ्या. अटी अक्षरांत असतात: ‘बाय’ म्हणजे नाव द्या, ‘एसए’ म्हणजे तुम्ही त्यातून जे कराल तेही याच अटींवर इतरांना द्या, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको, ‘एनडी’ म्हणजे बदल नको. आपण निधीसाठी दिनदर्शिका विकतो, तिथे ‘एनसी’चे चित्र घेऊ नका. ‘एनडी’ असेल तर त्यातली एकच बाई कापून घेऊ नका. विकिमीडिया कॉमन्सवर शेवटच्या दोन अटींची चित्रे घेतच नाहीत, म्हणून आपल्याला ते ठिकाण बरे. नाव आणि अट मात्र चित्राखाली छापायचीच. आता संगणकाला सांगितले की तो चित्र बनवूनही देतो. मी ‘रत्नागिरीची मासेविक्रेती’ असे लिहून पाहिले, तर लिपस्टिक लावलेली नटी हातात गुलाबी मासा घेऊन उभी!

इथवर चित्र काढणाऱ्याचे झाले. पण फोटोत जी असते तिचे काय? कायद्याने सर्वांत मोकळा फोटो आणि त्यातली बाई यांची गोष्ट सांगते. १९३६ साली अमेरिकेत मंदीच्या काळात डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो जगभर गेला. सरकारी कामासाठी काढलेला, म्हणून कोणीही छापावा. ती बाई, फ्लॉरेन्स थॉम्पसन, १९७८ साली एका वार्ताहराला सापडली तेव्हा तिने सांगितले की या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही. तो काढला गेला याचाच तिला पस्तावा होता. आपल्या इथले पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या वृत्तपत्रांत केंद्र सरकारच्या घरकुल योजनेची जाहिरात आली. पक्के घर मिळाले म्हणून जिचा हसरा फोटो छापला होता ती बाई भाड्याच्या एका खोलीत राहत होती. आपला फोटो छापला गेल्याचे तिला वृत्तपत्रातूनच कळले.

मिरकरवाडा बंदरावरच्या एका मावशींचा फोटो असाच कोणी पर्यटकाने काढला आणि तो एका हॉटेलच्या फलकावर लागला. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा पैशाचे बोलल्याच नाहीत. “माझा थोबाड बघून गिऱ्हाईक आत जाता, नि मला कोणी विचारलान पण नाय,” एवढेच म्हणाल्या. फलक उतरवायला आम्हाला दोन महिने लागले. त्यांना जे वाटले ते आपल्या पत्रकावरच्या बाईला वाटत नसेल कशावरून?

म्हणून माझे म्हणणे असे की आपली चित्रे आपणच करून घ्यावीत. मागच्या वर्षी आम्ही पावस-गोळप बाजूला फोटो काढणाऱ्या एका मुलीला एका दिवसाचे साडेतीन हजार रुपये दिले. चाळीस कामाचे फोटो मिळाले. काजू फोडणाऱ्या, ग्रामसभेत हात वर केलेल्या, बँकेत पासबुक भरून घेणाऱ्या. यात कायदा आपल्या बाजूने आहे: दुसरा करार नसेल तर मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क सांगणाऱ्याचा. ओळखीच्या भावाने फुकट काढून दिलेला फोटो मात्र त्याचाच राहतो. दोन्ही ठिकाणी कागद करावा. रेखाचित्रे हवी असतील तर आपल्याच जिल्ह्यात देवरुखला आणि सावर्ड्याला कलामहाविद्यालये आहेत, तिथल्या मुलींना काम द्या आणि पैसे द्या. पत्रात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून मुदत, कशाकशासाठी, कापाकापी चालेल का आणि नाव कसे छापायचे, हे लिहाच. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मंडपाला ओळ असते, चहाला असते. चित्रांनाही एक ओळ असू द्या.

फोटोतल्या बाईची परवानगी वेगळ्या कागदावर. कागद तिला वाचून दाखवायचा, आधी फोटो दाखवायचा. नवऱ्याची सही आम्ही मागत नाही. आणि बचत गटात जी कर्जाचे अर्ज पुढे पाठवते तिने ही परवानगी मागायची नाही, कारण तिला ‘नको’ म्हणणे कोणालाच सोपे नसते. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, मुलांसाठी पॉक्सोचे कलम २३ आहे. चेहरा धूसर केला म्हणजे झाले असे नाही. वाडीतले लोक साडीवरून आणि दारावरून ओळखतात. हिंसाचाराच्या केसमधल्या बाईचा फोटो आम्ही काढतच नाही. तिथे रेखाचित्र.

परवानग्यांची आम्ही एक वही ठेवली आहे. त्यातल्या दोघींनी नंतर ‘आता नको’ म्हणून सांगितले. एकीचे लग्न ठरले होते, दुसरीने कारण दिले नाही आणि आम्ही विचारले नाही. दोन्ही फोटो काढून टाकले. छापून झालेल्या पाचशे प्रती तेव्हा गोदरेजच्या कपाटात पडून होत्या. त्या वाटायच्या की नाही यावर आमच्या कार्यकारिणीत दोन मते आहेत. परवानगीपत्राचा नमुना तुमच्या हातात दिला आहे. त्यातल्या चौथ्या कलमात परवानगी मागे घेण्याचे लिहिले आहे. चर्चा तिथूनच सुरू करू.