गोळी कुटू नका



बारामती-इंदापूरकडे पाणी देण्याच्या दोन तऱ्हा आपण रोज पाहतो. नीरा डाव्या कालव्याची पाळी आली की वावर तुडुंब भिजते, आणि पुढची पाळी येईतो सुकत जाते. दुसरी तऱ्हा ठिबकची: थोडे, पण सारखे. औषधाच्या गोळ्यांचेही असेच आहे बरं का! साधी गोळी पोटात लवकर विरघळते. रक्तात औषध भरभर चढते आणि काही तासांत उतरते. म्हणून ती दिवसातून दोनतीनदा घ्यावी लागते, अन् एखादी हमखास विसरते. सावकाश सुटणारी गोळी ठिबकसारखी काम करते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन या दोन्ही तऱ्हांनी मिळते.

हे साधते कसे? सब्जाचे बी पाण्यात टाकून पाहा. भोवती बुळबुळीत थर धरतो. गोळीत औषधाबरोबर असाच फुगणारा पदार्थ घालतात. सेल्युलोजपासून केलेला हायप्रोमेलोज त्यासाठी पुष्कळ वापरतात. आपल्या गवारीच्या बियांचा डिंकही चालतो. त्या थरातून औषध हळूहळू बाहेर झिरपते.

पण हा पदार्थ घालावा किती? कमी पडला तर औषध लवकर सुटते. जास्त झाला तर पुरते सुटतच नाही. इथे संख्याशास्त्र मदतीला येते, आणि गंमत अशी की ही रीत शेतातून आलेली आहे. खत किती आणि पाणी किती, हे वेगवेगळे पाहून भागत नाही. पाणी पुरेसे नसेल तर जादा खत वायाच जाते. म्हणून खताची तीन प्रमाणे आणि पाण्याची तीन, अशा नऊ जोड्यांचे नऊ वाफे करायचे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी अशा प्रयोगांचे शास्त्र घडवले. आपल्याकडे पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुखात्मे यांनी १९५४ साली शेतीसंशोधकांसाठी त्यावर ग्रंथ लिहिला.

औषधशाळेत वाफ्यांच्या जागी गोळ्यांचे नऊ घाणे येतात. प्रत्येक घाण्यातल्या गोळ्या ३७ अंश सेल्सिअसच्या द्रवात ढवळत ठेवायच्या आणि ठरावीक वेळाने किती औषध सुटले ते मोजायचे. त्या आकड्यांवरून समीकरण मांडून योग्य प्रमाण काढायचे. तेवढ्यावर भागत नाही. त्या प्रमाणाचा नवा घाणा करून समीकरणाचे भाकीत खरे ठरते का, तेही पाहायचे. बारामती तालुक्यात माळेगावला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. हे शिकायला आता पुण्या-मुंबईलाच जावे लागते असे नाही. गुरुजींनी वर्गात सब्जाचा प्रयोग जरूर करून दाखवावा.

आता मुद्द्याची गोष्ट. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठी गोळी गिळत नाही, म्हणून सूनबाई मायेने ती खलबत्त्यात कुटून गुळातून देते. साध्या गोळीचे एक वेळ चालेल. पण इथे बंधाराच फुटला! दिवसभराचे औषध थोड्या वेळात अंगात शिरते, आणि जीवावर बेतू शकते. म्हणून पाकिटावर एस.आर., ई.आर. किंवा एक्स.आर. अशी अक्षरे दिसली, तर गोळी कुटू नका, चावू नका, विचारल्याशिवाय मोडूही नका. गिळत नसेल तर डॉक्टरांना सांगा. दुसरी सोय असते. आणि अशा गोळीचे रिकामे टरफल कधी शौचात दिसले तर घाबरू नका. औषध सुटून गेलेले असते.

एवढे आज घरी जरूर सांगा.