दारिद्र्य कशाने मोजावयाचे?
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)

नऊ वर्षांत 24.82 कोटी लोक बहुआयामी दारिद्र्यातून बाहेर पडले, असे नीती आयोगाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. प्रमाण 29.17 टक्क्यांवरून 11.28 टक्क्यांवर आले म्हणे. हा आकडा सभांतून आपल्यापुढे फेकला जातो. त्याला खोटा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते उत्तर नव्हे.

केवळ पैशाची मोजपट्टी अपुरीच होती, हे आपण मान्य केले पाहिजे. 1971 साली पुण्यात दांडेकर आणि रथ यांनी दरडोई 2,250 उष्मांकांच्या आधारे रेषा आखली. निदान पोट हा तिचा निकष होता. 2009 साली तेंडुलकर समितीने तो आधारही सोडला, आणि त्या पद्धतीने 2011-12 साठी ग्रामीण रेषा निघाली दरमहा 816 रुपये, म्हणजे दिवसाला 27! घरात पाणी येते काय, मूल शाळेत जाते काय, हे असली रेषा सांगत नाही. तेव्हा आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांचे बारा निर्देशक घेणे हे पुढचेच पाऊल आहे.

परंतु हिशेब तपासा. एकूण वंचिततेचे 42 भाग कल्पिले, तर कुपोषणाला 7 भाग आणि सरपण, संडास, घर, वीज, पाणी, बँक खाते अशा सात बाबींना प्रत्येकी 2 भाग मिळतात. गरीब ठरण्यास 14 भाग लागतात. आता एक घर घ्या: मूल कुपोषित, चूल लाकडाची, संडास नाही, भिंती कुडाच्या. बेरीज 13. हे कुटुंब गरीब नाही! शून्य शिलकीचे खातेही येथे संपन्नतेची खूण ठरते.

शिवाय 2013-14 किंवा 2022-23 साली कुटुंब आरोग्य पाहणी झालेलीच नाही. जुन्या पाहण्यांमधील घटीचा वेग धरून हे आकडे काढले आहेत. 2019-21 च्या पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आधीच्या पाहणीत तो 53 टक्के होता. या निर्देशांकात रक्तक्षय मोजलाच जात नाही. मजुरी, जमीन, सावकाराचे कर्ज यांनाही स्थान नाही. आणि दारिद्र्य निर्माण होते ते नेमके तेथेच.

म्हणून शाखांनी आपापल्या वस्तीतील पन्नास घरांचा हा 42 भागांचा हिशेब स्वतः मांडावा, आणि प्रत्येक घरापुढे वर्षातील कामाचे दिवस व मिळालेली मजुरी लिहावी.