अलास्काचा उन्हाळा



बाहेर वैशाखवणवा पेटलेला असताना मी लोकरी गंजीची महती सांगायला उभा आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. परंतु अलास्काच्या आगबोटीच्या सफरीला हल्ली आपल्याकडची मंडळी जाऊ लागली आहेत, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाचा प्रश्न एकच : तिकडे थंडी किती? माझे म्हणणे असे, की आधी विचारावे, पाऊस किती?

कारण पाहा. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे किनाऱ्यालगतच्या पर्वतांना अडतात, वर चढतात, निवतात आणि रिते होतात. सह्याद्रीच्या माथ्यावर घडते तेच. फरक इतकाच, की आपला पाऊस चार महिन्यांनी निरोप घेतो, तेथला बारमाही आहे. केचिकन बंदरी वर्षाकाठी सुमारे १५० इंच पडतो. थंडी म्हणाल तर जुलैत दुपारी १५ ते १८ अंश सेल्सिअस. पुण्याची पौषातली पहाट याहून गार असते. पुढचे स्कॅगवे मात्र डोंगराआड असल्याने पुष्कळ कोरडे. महाबळेश्वर आणि वाई यांत जे अंतर, तेच येथे.

हे मला ठाऊक नव्हते. सिमल्याच्या हिशेबाने मी जाड ओव्हरकोट घेतला आणि 'उन्हाळ्यात कशाला' म्हणून रेनकोट घरी ठेवला. केचिकनला दोन तासांत कोट पाणी पिऊन बसला. तीन दिवसांनी ग्लेशियर बे आला तरी तो दमटच. हा उपसागर १७९४ मध्ये व्हँकूव्हरच्या लोकांनी पाहिला तेव्हा जवळजवळ मुखापर्यंत बर्फाने भरलेला होता. १८७९ मध्ये जॉन म्यूर तेथे गेले तोवर हिमनदी तीस मैलांहून अधिक मागे सरली होती. हे सारे वाचून गेलेला मी! बोट मार्जरी हिमनदीसमोर तासभर थांबली. बर्फावरून उतरणारा वारा त्या ओल्या कोटातून असा झोंबला, की वीस मिनिटांत दात वाजू लागले आणि मी आत पळालो. मागे गडगडाट झाला. कडा समुद्रात कोसळला होता. तो आमच्या मंडळींनी पाहिला, कारण त्यांच्या अंगात बोहारणीनेही नाकारलेला जुना रेनकोट होता. पाहुण्यांना त्या अजून त्या कड्याचे वर्णन ऐकवतात. मी चहा ओततो.

तेव्हा अंगालगत पातळ लोकरी गंजी घाला. सुती नको, ती भिजली की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. वर स्वेटर, त्यावर पाणी न शिरणारे टोपीचे जाकीट. बोटीच्या आत चांगली ऊब असते, तेथे एकेक उतरवता येते. ओव्हरकोटाचे तसे नाही. छत्री डेकवरच्या वाऱ्यात उलटते. कानटोपीची लाज बाळगू नये. हातमोजे दोन जोड हवेत, एक नेहमी भिजलेला असतो. दुर्बीण माणशी एक; नवराबायकोत एक दुर्बीण हे भांडणाचे मूळ आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ज्यूनो येथे दिवस अठरा तासांहून मोठा, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी. साडी खुशाल नेसा, आत लोकरी पायजमा असू द्या. किनारी उतरताना मात्र सलवार बरी.

बोटीवर चढल्यावर मोठी पेटी खोलीत पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. औषधे हातपिशवीत ठेवा. रेनकोटही त्यातच.