ऑफिसच्या खर्चासाठी मागायला लाजायचं कशाला?

(महासंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण)



आज मी कर्जाबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. आपल्या ऑफिसच्या खर्चाबद्दल बोलणार आहे. आपल्या हिशोबनीस ताईंचं तीन महिन्यांचं मानधन थकलंय, हे कितीजणींना माहीत आहे? त्या बोलत नाहीत, म्हणून मी बोलते.

गेल्या वर्षी आपण एका ट्रस्टकडे अर्ज केला. तो मीच लिहिला होता. मला वाटलं, भाडं, लाइट बिल, मानधन असं लिहिलं तर ते नाक मुरडतील. म्हणून सगळा अर्ज शिवण प्रशिक्षणाचा केला. पैसे मिळाले, प्रशिक्षण झालं. पण हजेऱ्या, पावत्या, अहवाल कोणी सांभाळले? हिशोबनीस ताईंनीच. काम वाढलं, मानधन तेवढंच राहिलं. आणि ज्या कामासाठी पैसे घेतले, त्याच कामाला ते लावावे लागतात. त्यातून भाडं भरता येत नाही. चूक माझी होती.

भाकरी करायची तर सरपण लागतंच ना? मग सरपणाचा खर्च लपवायचा कशाला?

या वेळी आपण खरा हिशोब मांडू या. महिन्याला भाडं ३,००० रुपये, मानधन ९,०००, लाइट आणि इंटरनेट १,२००, गावोगावच्या बैठकांचा प्रवास ४,०००. झाले १७,२००. वर्षाचे २,०६,४००. त्यात ऑडिटचे १८,००० धरा. एकूण २,२४,४०० रुपये. आपले १४० गट, १,५४० बायका. म्हणजे एका बाईमागे वर्षाला साधारण १४६ रुपये. एवढ्यात तिच्या गटाची वही तपासली जाते, बँकेचं प्रकरण तयार होतं, हप्ता अडला तर कोणीतरी तिच्या दारात जाऊन विचारपूस करतं. अर्जात हेच लिहायचं. नुसतं 'प्रशासकीय खर्च' लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

आता आपला वाटा. प्रत्येक गट महिन्याला ५० रुपये देतो, त्याचे वर्षाला ८४,००० होतात. तूट १,४०,४०० रुपयांची. ट्रस्टवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, की आमचे पैसे थांबल्यावर तुम्ही काय करणार? याचं उत्तर मी एकटी लिहू शकत नाही, ते तुम्हीच द्यायचं आहे. वर्गणी ७५ रुपये केली तर ४२,००० वाढतात आणि तूट ९८,४०० वर येते. आधी आपण पदरमोड केली, मग मागायला आलो, असं सांगता येईल.

कागदांचंही ऐका. नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, कार्यकारिणीचा ठराव आणि आयकराची १२ ए व ८० जी नोंदणी, हे सगळं एका फाइलीत ठेवायचं. ८० जी असेल तर देणगी देणाऱ्याला करात सवलत मिळते. १२ ए आणि ८० जी यांना मुदत असते, ती संपायच्या आत नूतनीकरण करायचं. कंपनीच्या सीएसआरमधून पैसे हवे असतील तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून वेगळी नोंदणी लागते. परदेशी देणगीला तर एफसीआरएची परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातले फक्त २० टक्के प्रशासनावर खर्च करता येतात. म्हणून ऑफिस चालवायला आधी आपल्या देशातले ट्रस्ट शोधू या. अर्ज करण्याआधी त्यांना एक फोन करून सरळ विचारायचं, 'तुम्ही मानधन आणि भाड्यासाठी मदत देता का?' नाही म्हणाले तर महिनाभराची मेहनत वाचते.

तायांनो, आपण बँकेत पहिल्यांदा गेलो तेव्हाही लाजलो होतो. आज मॅनेजरसमोर खुर्ची ओढून बसतो. इथेही तसंच होईल.

मी अर्ज लिहायला घेते. पण त्याआधी दोन ठराव हवेत. एक, वर्गणी ७५ रुपये करायचा. दुसरा, मंजुरीची वाट न बघता थकलेलं मानधन या महिन्यात द्यायचा. ज्या ताई सहमत आहेत त्यांनी हात वर करा.