पितळी पुंगळी, घरची दारू आणि पिकाची राखण
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत भावावर बोललो, कर्जावर बोललो, वीजबिलावर बोललो. सभा उठता उठता मागच्या रांगेतून एकाने विचारले, "अन् डुकरांचं काय?" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही. भाव मिळायला आधी माल घरात यावा लागतो, आणि आज कित्येकांचा माल धुऱ्याच्या आतच संपतो आहे.

रानडुक्कर ज्वारीत शिरले की खाते थोडे, मोडते फार. रोह्यांचा कळप एका रात्रीत कपाशीची वाट लावून जातो. आपल्यातल्या किती जणांनी ज्वारी पेरणेच सोडले, हात वर करा म्हटले तर अर्धा मांडव हात वर करील. दिवसभर राबायचे आणि रात्री मचाणावर बसून डबा वाजवायचा. या जागलीची मजुरी कोणत्या उत्पादन खर्चात धरली आहे, ते आम्हाला अजून सापडलेले नाही.

आज बोलायचे आहे ते या जागलीतून निघालेल्या एका गोष्टीवर. ती चावडीवर सगळ्यांना ठाऊक असते, व्यासपीठावरून कोणी काढत नाही. घरच्या घरी काडतूस भरणे.

काही घरांत आजोबांच्या वेळची बाराबोरची बंदूक आहे, परवाना आहे, आणि पेटीत पितळी पुंगळ्या आहेत. जुन्या लोकांना पितळ आवडे याला कारण होते. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगते आणि नळीत बसत नाही. पितळेचे तसे नाही. उडवले, धुतले, पुन्हा भरले. पुंगळी एकदाच घ्यायची, मग खर्च दारूचा, छऱ्यांचा आणि टोपीचा. आजचे काडतूस एकदा उडवले की प्लास्टिकचे टरफल हातात राहते. तेव्हा काटकसरी माणसाचा हात त्या पेटीकडे जातो, यात आम्हाला नवल वाटत नाही.

पण हिशेब पुरता करू या. त्या पुंगळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. काळी दारू धूर फार करते, जोर बेताचा देते. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू तेवढ्याच मापात कितीतरी जास्त जोर करते. एकीच्या मापाने दुसरी भरली की छऱ्यांआधी बंदूकच फुटते. फटाक्याची दारू तर बंदुकीची दारूच नव्हे. तिचे काम छर्रे ढकलणे नाही, फुटणे आहे. शिवाय पितळ दर बाराला ताठरत जाते, त्याला बारीक चीर पडते, आणि ती दिव्याच्या उजेडात दिसत नाही.

आमचाच एक कार्यकर्ता. नाव सांगत नाही, तो इथे बसलेला आहे. ज्वारी हुरड्यावर आली होती, परवान्यावरची काडतुसे संपली होती. त्याने फटाके फोडून दारू काढली, वडिलांची पुंगळी भरली आणि अंधारात आवाजाच्या दिशेने घोडा ओढला. डुक्कर गेले निघून. याची दोन बोटे आणि एका डोळ्याची नजर गेली. दवाखान्यात त्याने सांगितले, इंजिनाचा पट्टा लागला. खरे सांगितले असते तर डॉक्टरांना इलाज सोपा झाला असता, पण खरे सांगायला तो भ्याला. आम्ही सगळे त्याच्या खोट्यात सामील झालो. त्याची आज आम्हाला लाज वाटते.

भ्याला ते उगाच नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचे कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. बंदुकीचा परवाना जवळ आहे म्हणून काडतूस बनवण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. दोन पोती ज्वारीसाठी सात वर्षे! हा सौदा कोणी करू नये.

आता त्याच कायद्याचे दुसरे पान वाचू. ते आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्वच्छ लिहिलेला आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी भारतीय नागरिकाने मागितला, तर तो द्यावा असा त्या कलमाचा रोख आहे. आणि ठासणीची पुरी पडत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे राखणीचा हक्क कायद्यात आहे, नाही तो फक्त कचेरीच्या टेबलावर.

तिकडे कर्नाटकात कोडगू जिल्ह्यात कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या वेळेपासून परवान्याची सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षे वाढवली. त्यांचे आम्हाला वाईट वाटत नाही, चांगलेच आहे. आम्ही सूट मागत नाही. कायद्यात लिहिलेला परवाना मागतो.

पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा. ते खाते वेगळे. वन्यजीव कायदा १९७२ चा, कलम ११. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकार असलेला वनअधिकारी कारणे लिहून मारण्याचा हुकूम देऊ शकतो. बंदूक एका कचेरीत, हुकूम दुसऱ्या कचेरीत, आणि डुक्कर कोणत्याच कचेरीत जात नाही, थेट शेतात येते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कापूसवाल्यांनी कान देऊन ऐकावी. ही बिनधुराची दारू होते कशापासून? कापसापासून. १८४६ च्या सुमारास शोनबाईन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस बनवला. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्येय यांनी त्यातूनच बंदुकीला चालेल अशी दारू केली. रुई काढल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते, ती आजही या कामी येते. म्हणजे लव आपली, काडतूस कारखान्याचे, भाव त्यांचा. कच्चा माल स्वस्तात द्यायचा आणि पक्का माल महाग घ्यायचा, ही आपली जुनीच कहाणी नळीतूनही बाहेर पडते. हे काम किती जोखमीचे, तेही बघा. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला, त्यात कामगार मेले. जिथे जाड भिंती आहेत, शिकलेली माणसे आहेत, तिथे ही गत. आपण चुलीपासून चार हातांवर, पोरे झोपलेली असताना, कंदिलाशी बसून तेच करायला जातो.

म्हणून आम्ही ठरवले ते सांगतो. पीकसंरक्षणासाठी परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत द्यायचा, गावागावातून, एकाच आठवड्यात. सोबत सातबारा आणि नुकसानीच्या पंचनाम्याची नक्कल. कलम ११ च्या हुकुमाचा अर्ज वनखात्याकडे वेगळा. परवान्यावर काडतुसांची जी संख्या लिहितात ती पेरा बघून लिहावी, आणि राखणीची काडतुसे रास्त भावात मिळावीत, ही मागणी दोन्ही अर्जांसोबत जाईल. नकार आला तर लेखी घ्या. तोंडी नकार घेऊन कोणी परत येऊ नये.

बायांनो, तुमच्याकडे एक काम. पेटीत बंदुकीची दारू, टोप्या, फटाक्यांची काढलेली दारू असेल तर घरच्यांशी बोला. पोरांना हात लावू देऊ नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. तालुक्याचे कार्यकर्ते वकिलाला विचारून ती रीतसर जमा कशी करायची ते सांगतील. कोणी एकट्याने पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने अर्जाची पोच आणावी. त्या दिवशी दुसरा विषय घेणार नाही.