टोपणनाव : थट्टा की हिणवणूक?

(मंडळाच्या अमरावती येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आमची योग्यता ती काय! मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, आणि त्या बळावर आधी अकोला व पुढे अमरावती जिल्ह्यांत मुलांस शिकविण्यात गेलेले आयुष्य. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, गेल्या दिवाळीत घडलेला एक साधा प्रसंग आपणांपुढे ठेवतो व त्यातून उद्भवलेल्या प्रश्नाचा आपल्यासह विचार करतो.

आपल्या समाजातील एक तरुण जवान रजेवर घरी आला होता. फराळाच्या वेळी तो फौजेतल्या गमती सांगू लागला. तेथे प्रांताप्रांतावरून टोपणनावे पडलेली असतात. मराठी जवान तो ‘गणपत’, तमिळ तो ‘तंबी’, गुरखा तो ‘जॉनी’. ऐकून आम्ही सारे पोट धरून हसलो. मग ईशान्येकडील एका सोबत्याची गोष्ट निघाली. त्याच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यास सारे ‘चिंकी’ म्हणतात. आम्ही सहज विचारले, “त्याला हे आवडते का रे?” तो म्हणाला, “तोही हसतो ना, गुरुजी!”

त्या उत्तराने आमचे हसू मावळले. का मावळले, ते पुढे सांगतो.

आता कोणी म्हणेल, सैनिकांच्या थट्टेची चिंता गुरुजींनी कशाला वाहावी? परंतु फौजेचा विषय वऱ्हाडास परका नाही. हैदराबाद काँटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटीच १८५३ च्या तहान्वये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, व त्या फौजेचे एक ठाणे आपल्या अचलपुरास होते. आजही आपल्या घराघरांतील मुले भरतीस जातात. ती तेथे काय बोलतात आणि तेथे त्यांस काय ऐकावे लागते, हा आपल्याच घरचा प्रश्न होय.

थट्टेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, व ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बर्फात, पहाऱ्यावर, घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या माणसांस विनोदावाचून दिवस काढणे कठीण. ज्यास दिवसभर चिडवावे, त्यालाच जखमी झाल्यावर पाठीवर घेऊन धावावे, अशी ती मैत्री असते. ‘तंबी’ या शब्दाचा मूळ अर्थ तर धाकटा भाऊ असा आहे. आणि ‘गणपत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठा पलटणींतीलच नाईक यशवंत घाडगे यांनी १९४४ साली व शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ साली इटलीच्या रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्या नावाने मराठी माणसाची मान खाली गेली नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १८५७ साली बराकपुरास मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. त्यांस फाशी दिल्यानंतर इंग्रज सोजीर प्रत्येक बंडवाल्या शिपायास ‘पँडी’ म्हणू लागले. एका माणसाचे आडनाव हजारोंवर चिकटविले, म्हणजे मग समोरचा कोण, कोणाचा मुलगा, हे पाहण्याची गरज उरत नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर इंग्लंडचे राजपुत्र हॅरी यांचे घ्या. २००६ साली चित्रित केलेल्या एका फितीत त्यांनी आपल्या पाकिस्तानी वंशाच्या सहाध्यायी सैनिकास ‘पाकी’ म्हटले होते. २००९ साली ती फीत उघडकीस आली, तेव्हा त्यांस माफी मागावी लागली. मनात वाईट हेतू नव्हता, असेच तेव्हा सांगण्यात आले. असेलही. परंतु राजपुत्राने हाक मारावी आणि सहाध्यायाने उलट तसलीच हाक मारावी, हे कोठे घडणार?

आपल्या देशातही ‘चिंकी’ हा शब्द केवळ फौजेत राहिलेला नाही. दिल्लीच्या बाजारात २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची त्याच्या रूपावरून टर उडविली गेली, त्यातून मारहाण झाली व तो प्राणास मुकला. त्यानंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली, व अशा वांशिक अवहेलनेविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलमे असावीत अशी शिफारस तिने केली. हसण्यावारी नेलेल्या शब्दाचा शेवट कोठवर जाऊ शकतो, हे यावरून दिसते.

आता आमचे हसू का मावळले, ते सांगतो. हे सांगताना संकोच वाटतो. तरी सांगणे प्राप्त आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात मेळघाटातून आलेला एक कोरकू मुलगा होता. हजेरी घेताना त्याचे नाव न घेता आम्ही त्यास ‘मेळघाट’ म्हणत असू. वर्ग हसे, तोही हसे. आम्हांस वाटे, मुलगा रमला. पुढे कित्येक वर्षांनी परतवाड्याच्या बसस्थानकावर एका उंच, ताठ गृहस्थाने आम्हांस वाकून नमस्कार केला. फौजेतून निवृत्त होऊन आला होता. म्हणाला, “गुरुजी, ओळखलं का?” आम्ही आनंदाने म्हणालो, “अरे, तू तर आपला मेळघाट!” तो नेहमीसारखाच हसला, आणि म्हणाला, “माझं नाव आठवते का, गुरुजी?”

आम्हांस आठवेना.

आम्ही ओशाळून विषय बदलला व विचारले, “फौजेत तुला काय म्हणत?” तो म्हणाला, “गणपत म्हणत. पण तिथं आम्ही सारेच गणपत होतो, गुरुजी. तुमच्या वर्गात मेळघाट मी एकटाच होतो.”

बंधुभगिनींनो, आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. जे नाव माणसास आपल्या मंडळीत घेते, ती थट्टा. जे नाव त्यास एकट्यास उंबऱ्याबाहेर उभे करते, ती हिणवणूक. मग बोलणाऱ्याच्या मनात काहीही असो. आणि हसण्याचा पुरावा ग्राह्य धरू नये. ज्यास हसण्यावाचून दुसरा मार्ग नाही, तोही हसतोच. “पुरे, मला माझ्या नावाने हाक मारा,” असे तो म्हणू शकतो काय, आणि तसे म्हटल्यावर त्याची संगत तुटत नाही काय, एवढेच पाहावे. बरोबरीच्या सोबत्याने म्हटलेले आणि वरिष्ठाने म्हटलेले, यांत तर महदंतर आहे. आम्ही वर्गात वरिष्ठ होतो.

नाव उलटे फिरविता येते, याचाही दाखला आपल्याजवळ आहे. ज्या महार समाजास गावाने शिवेबाहेर ठेवले व इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ नव्हे म्हणून भरतीतून वगळले, त्याच नावाची रेजिमेंट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर १९४१ साली बेळगावास उभी राहिली. पुढे तीत सर्व प्रांतांचे लोक आले. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे तमिळ घराण्यातील. त्यांची पलटण आठवी महार. जे नाव दूर लोटण्यासाठी उच्चारले जाई, ते अन्य प्रांताच्या वीराने अभिमानाने खांद्यावर मिरविले. हे घडले, कारण तेथे ते नाव सर्वांचे झाले होते.

आपले हे ज्ञातीचे मंडळ आहे. आपण एकत्र जमतो, सुखदुःख वाटतो, हे चांगलेच आहे. परंतु पंगतीत बसल्यावर इतर समाजांस आपण कोणत्या नावांनी संबोधतो, तेही आठवून पाहावे. मुले तेथेच शिकतात, व ते शब्द शिदोरीसारखे बांधून पलटणीत नेतात. पुण्या-मुंबईस गेलेल्या आपल्या मुलांच्या वऱ्हाडी बोलण्यास कोणी हसले की आपणांस झोंबते ना? तेच दुसऱ्यास झोंबते.

त्या जवानास रजा संपवून निघताना आम्ही एवढेच सांगितले की, त्या सोबत्यास एकदा त्याचे खरे नाव, ते ठेवणाऱ्या त्याच्या आईच्या उच्चारात, विचारून घे. परवा त्याचा दूरध्वनी आला. नाव त्याने शिकून घेतले आहे. आम्हांसही दोनदा म्हणून दाखविले.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे नाव आम्ही शाळेच्या जुन्या हजेरीपटातून शोधून काढले आहे. पुन्हा भेट झाली, तर त्या नावाने हाक मारण्याची इच्छा आहे.