शिवलेली नाव आणि तिचे प्रवासी

दिवाळीच्या सुटीत केरळला जाऊन आलेल्या गृहस्थांना "काय काय पाहिलंत?" असं विचारलं, की मुन्नारचे चहाचे मळे, कथकळीचा एखादा प्रयोग आणि अलप्पुळ्याची हाऊसबोट ही तीन नावं हमखास ऐकायला मिळतात. त्यातही हाऊसबोटीचं वर्णन करताना ते अधिक रंगतात. "काही करायचं नाही हो! नुसतं आरामखुर्चीत पडायचं आणि दोन्ही काठ मागे सरकताना बघायचे." ऐकणाऱ्याला थोडा हेवा वाटतो. मला मात्र दर वेळी दोन प्रश्न पडतात. ज्या नावेत हे गृहस्थ स्वस्थ पडून राहिले, ती नाव मुळात कशासाठी बांधलेली होती? आणि जे काठ मागे सरकत होते, त्या काठांवरची माणसं त्या वेळी काय करत होती? आज या दोन प्रश्नांविषयी थोडं बोलायचं आहे.

प्रथम हे पाणी कोणतं ते पाहू. आपण त्याला बॅकवॉटर म्हणतो. मल्याळी माणूस 'कायल' म्हणतो. आपल्या कोकणातली खाडी समुद्रापासून आत डोंगराकडे शिरते. कायल तशी नाही. ती किनाऱ्याला समांतर पसरलेली असते. एका बाजूला समुद्र, मध्ये रेतीचा अरुंद पट्टा आणि अलीकडे हे शांत, रुंद पाणी. अशा अनेक कायली कालव्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी वेंबनाड, ही भारतातली सर्वांत लांब सरोवर मानली जाते. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्या डोंगरातून उतरून जिथे वेंबनाडला मिळतात, तो सखल प्रदेश म्हणजे कुट्टनाड. हाऊसबोटी हिंडतात त्या मुख्यतः याच भागात.

कुट्टनाडचं वैशिष्ट्य असं, की इथली पुष्कळशी भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. कुठे हात-दीड हात, तर कुठे दोन मीटरांहूनही खाली! म्हणजे नाव चालली आहे वरून आणि शेत आहे तिच्या खालच्या पातळीवर, असा उलटा देखावा इथे रोज दिसतो. मधे असतो तो केवळ मातीचा बांध. हे बांध घालण्यासाठी मजूर कायलीत बुड्या मारून तळाचा चिखल वर काढत, तो नावेत भरत आणि खांबांच्या दुहेरी कुंपणात ओतत. पावसाळा सरला, की आतलं पाणी उपसून बाहेर टाकायचं आणि मग पेरणी करायची. पंप येण्यापूर्वी ही उपसणी लाकडी चक्रांवर होई; माणसं ओळीने बसून तासन् तास पायांनी ती चक्रं फिरवत. १९४० नंतरच्या दशकात मुरिक्कन नावाच्या एका धाडसी जमीनदाराने ऐन कायलीतून शेकडो एकर जमीन वर काढली, त्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. पण बुड्या मारणाऱ्यांची नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी लिहून ठेवलं आहे. 'चेम्मीन'चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मूळचे या कुट्टनाडचेच. शेतमजुरांवर १९४८ साली त्यांनी लिहिलेल्या कादंबरीचं नावच मुळी 'दोन मापं' अशा अर्थाचं आहे. दिवसभराच्या कष्टांचा मोबदला, दोन मापं भात! २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. वारसा खरा, पण तो घामाचा वारसा आहे, हे विसरता येत नाही.

असा हा मुलूख. रस्ता नाही, बैलगाडी नाही; जे काय आहे ते पाण्यावरून. पोरं शाळेत जायची ती होडीतून, वरात यायची ती होडीतून आणि वैद्यबुवाही होडीतूनच. या लहान-मोठ्या होड्यांमध्ये मानाची मालवाहू नाव म्हणजे 'केट्टुवल्लम'. 'केट्टु' म्हणजे बांधणं, गाठणं. 'वल्लम' म्हणजे नाव. नाव बांधणारे सुतार आंजिली नावाच्या रानफणसाच्या फळ्या एकमेकींना भिडवत, काठाकाठाने भोकं पाडत आणि सुंभाच्या दोरीने त्या चक्क शिवून काढत. खिळा एकही नाही! सांध्यात काथ्या ठासायचा आणि वरून काजूपासून काढलेल्या काळ्या चिकाचा हात द्यायचा. झाली नाव तयार. अशी नाव नीट जपली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. शिवण सैल झाली, तर उसवायची आणि पुन्हा शिवायची. आपल्याकडे आजीच्या गोधडीची जी गत, तीच तिकडे या नावेची.

आणि सुंभ तरी कुठून यायचा? तो याच पाण्यातून. नारळाची सोडणं कायलीच्या कडेला महिनोन् महिने कुजत घालायची, मग ती झोडपून काथ्या सुटा करायचा आणि घरोघरच्या बायकांनी तो चाकावर वळायचा. म्हणजे पाहा, लाकूड परसातलं, दोरी पाण्यातली आणि भात शेतातलं. वीस-वीस, तीस-तीस टन माल घेऊन ही नाव लांब बांबूंनी रेटत, नाही तर शीड उभारून, कोचीच्या बाजारापर्यंत जाई. प्रवासात रात्र पडली, की नावेवरच चूल पेटे. बांबूच्या आणि चटईच्या छपराखाली नावाडी झोपत. आज ज्या छपराखाली आपण आरामखुर्ची टाकतो, ते छप्पर मूळचं भाताची पोती भिजू नयेत म्हणून होतं!

पुढे रस्ते झाले, पूल झाले, मालमोटारी आल्या. जो माल नावेला न्यायला दोन दिवस लागत, तो लॉरी दोन तासांत नेऊ लागली. केट्टुवल्लम काठाला लागल्या त्या लागल्याच. काही चिखलात कुजल्या, काही मोडून त्यांचं लाकूड विकलं गेलं. अशा वेळी, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, कोणाच्या तरी डोक्यात आलं, की पोत्यांच्या जागी माणसं न्यावीत. आत खोल्या केल्या, खिडक्या काढल्या, स्वयंपाकी ठेवला आणि मोडीत निघालेली नाव पुन्हा पाण्यावर आली. पर्यटनाला नावं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. या धंद्याने एक नाव वाचवली, नावाड्यांना काम दिलं, आणि शिवण्याची कला जाणणाऱ्या हातांना आणखी काही वर्षं सुई धरायला लावलं.

या कलेचं मोल किती, याचा एक ताजा दाखला आपल्या शेजारचाच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एक जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्रावरून गोव्यात एक शिडाचं जहाज बांधण्यात आलं. तेही खिळ्यांवाचून, फळ्या शिवून. आणि शिवणारे कारागीर आले केरळातून! 'कौंडिण्य' असं नाव देऊन २०२५ साली कारवारला ते नौदलात दाखल झालं. चित्र महाराष्ट्रातलं, गोदी गोव्याची आणि हात केरळचे, असा हा योग आहे. हे हात शिल्लक नसते, तर अजिंठ्याचं जहाज भिंतीवरच राहिलं असतं.

पण नाव वाचली म्हणजे नावेभोवतीचं जगणंही वाचलं, असं होत नाही. ते जगणं म्हणजे काय, हे पाहायचं तर नौकांच्या शर्यती पाहाव्यात. 'चुंडन वल्लम' ही शंभर फुटांहून अधिक लांबीची, मागे नागाच्या फण्यासारखी उंच उचललेली नाव. तिच्यावर ऐंशी-नव्वद वल्हेकरी, मागे सुकाणू धरणारे, मध्ये ताल देणारे आणि गाणारे. पंडित नेहरू डिसेंबर १९५२ मध्ये अलप्पुळ्याला आले, तेव्हा त्यांच्यासाठी अशी शर्यत झाली. ती पाहून पंडितजी इतके हरखले, की जिंकलेल्या नावेत स्वतःच जाऊन चढले. पुढे त्यांनी चांदीची एक नाव करंडक म्हणून पाठवली. तीच आजची नेहरू करंडक शर्यत.

त्याहून जुनी शर्यत चंपक्कुळमची, मिथुन महिन्यात मूळ नक्षत्रावर होणारी. अंबलप्पुळ्याच्या कृष्णाची मूर्ती पाण्यावरून आणली, त्याच्या आठवणीची. ती मूर्ती वाटेत एका रात्रीपुरती चंपक्कुळमच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी विसावली होती, अशी कथा सांगतात. देव हिंदूंचा, मुक्काम ख्रिस्त्यांच्या घरी आणि वल्ही साऱ्या गावाची! पाण्यात राहणाऱ्यांना एकमेकांवाचून भागत नाही, हेच खरं.

पंपेच्या काठी आरन्मुळा इथे तर नाव देवाचीच मानतात. तिथे वल्हेकऱ्यांना मंदिरात पंगत बसते. त्या पंगतीची रीत मोठी गमतीची आहे. वल्हेकरी हवा तो पदार्थ गाण्यातून मागतात आणि यजमानाने तो वाढायलाच हवा. ही गाणी म्हणजे 'वंचिपाट्टु', नावेची गाणी. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं काव्य अठराव्या शतकातल्या रामपुरत्तु वारियर यांचं, आणि त्याचा विषय कोणता? कुचेल, म्हणजे आपला सुदामा. राजा मार्तंडवर्मा याच्याबरोबर नावेतून जाताना गरीब कवीने ते गायिलं, अशी आख्यायिका आहे. पोहे घेऊन निघालेल्या मित्राची गोष्ट, तीही वल्ह्याच्या ठेक्यावर! ठेका चुकला तर शंभर माणसांची नाव वाकडी जाईल. म्हणून इथे गाणं हे काम आहे आणि काम हेच गाणं.

आता पर्यटकाच्या सोयीसाठी या साऱ्याचा तुकडा कापून वाढला जातो. संध्याकाळी अर्धा तास गाणं, दहा मिनिटं नाच, मग जेवण. शर्यतींनाही पैशाचं वारं लागलं आहे. बाहेरगावचे कसलेले वल्हेकरी मोबदला देऊन आणण्याची पद्धत पडली आहे. यात सारंच वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. नाव बांधायला आणि राखायला पैसा लागतो, आणि तो नुसत्या भक्तीतून उभा राहत नाही. पण नाव गावाची होती म्हणून गाव तिच्यासाठी भांडत होतं. ती नुसती प्रेक्षकांची झाली, तर प्रेक्षक उठून गेल्यावर तिचं काय, हा प्रश्न राहतोच.

आणि याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. खारं पाणी भाताला मारू नये म्हणून वेंबनाडच्या मध्यावर तण्णीरमुक्कमचा बांध घातला गेला. १९७६ पासून तो दर वर्षी उन्हाळ्याआधी बंद करतात आणि पीक निघाल्यावर उघडतात. त्याने भात वाचलं. पण भरती-ओहोटीची ये-जा थांबली, की दक्षिणेकडचं पाणी साचून राहतं. त्यात शेतातली खतं आणि औषधं, गावांचं सांडपाणी, आणि वर शेकडो हाऊसबोटींचं तेल आणि मैला. जलपर्णी फोफावते, मासळी हटते. सगळीकडे पाणीच पाणी, आणि पिण्याचं पाणी मात्र कित्येक वाड्यांना बाहेरून आणावं लागतं! ज्या पाण्यात ती माऊली भांडी घासते, त्याच पाण्यावरून आपली वातानुकूलित नाव जाते. तिच्या अंगणातून कोणी रोज शंभर वेळा गेलं, तर तिला काय वाटत असेल? ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाड जवळजवळ सारं रिकामं करावं लागलं, तेव्हा किनाऱ्यावरचे कोळी आपल्या होड्या घेऊन धावले. ज्यांच्या हाती वल्हं होतं, तेच उपयोगी पडले.

मग आपण तिकडे जाऊच नये काय? अवश्य जावं. पण एक दिवस तरी सरकारी जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीत बसावं. अलप्पुळ्याहून कोट्टयमला अशी बोट जाते. तिकीट थोडक्यात आणि सोबतीला शाळेची मुलं, बाजाराच्या पिशव्या, ड्यूटीवर निघालेल्या परिचारिका. याच खात्याने जानेवारी २०१७ मध्ये वैक्कमच्या धक्क्यावर उन्हावर चालणारी 'आदित्य' नावाची बोट सुरू केली. धूर नाही, तेल नाही. सरकारी उतारू बोटीला हे जमतं, तर चैनीच्या बोटीला का जमू नये? पर्यटकाने भाडं ठरवताना खोलीतल्या यंत्राची थंडी विचारण्याऐवजी 'तुमचा मैला कुठे जातो?' एवढं जरी विचारलं, तरी पुष्कळ काम होईल. गिऱ्हाइकाचा प्रश्न धंदेवाल्याच्या कानात लवकर शिरतो.

आपल्या कोकणच्या खाड्यांतूनही आता पर्यटकांच्या नावा हिंडू लागल्या आहेत. केरळकडून छपराचा आकार तेवढा उचलायचा, की त्यांना आलेला अनुभवही घ्यायचा, हे आपण वेळीच ठरवायला हवं. खाडी आधी तिच्या काठावर राहणाऱ्यांची, मग पाहुण्यांची. एवढा क्रम राहिला तरी बरंच साधेल.

केट्टुवल्लमला खिळा नसतो. फळीला फळी धरून असते ती केवळ दोरीने. शेतकरी, काथ्या वळणारी बाई, नावाडी, कोळी आणि आता पर्यटक, अशा या फळ्या आहेत. शिवण सैल झाली आहे हे दिसत असताना वरून नुसता रंग देऊन चालणार नाही. ती वेळेवर उसवून पुन्हा घट्ट शिवावी लागते. नाव बांधणाऱ्यांना हे केव्हापासून माहीत आहे.